पीसी पोर्टचं घोडं कुठे पेंड खातं?

प्रश्न थोडक्यात असा: कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या, टीव्हीला जोडायच्या यंत्रावर) गाजलेला गेम पीसीवर आला, म्हणजे त्याचा ‘पोर्ट’ निघाला, म्हणून हौसेने घेतला. सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. कोपऱ्यातला आकडा ६० एफपीएस (सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम्स) दाखवतो, तरी गेम सारखा झटके खातो. माउस चिखलातून ओढल्यासारखा फिरतो, कॅमेरा हिरोच्या मानगुटीवर बसलाय, आणि हाताखाली कीबोर्ड असताना पडद्यावर ‘त्रिकोण दाबा’ हे प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं बटण येतं. पन्नास मिनिटं खेळून झाली आहेत. दोष आपल्या पीसीचा, की बनवणाऱ्यांनी आळस केलाय? आणि नवीन कार्ड घेतलं तर सुटेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: कार्ड आज घेऊ नका. कन्सोलचे गेम पीसीवर आणण्याच्या कामात माझी चौदा वर्षं गेली आहेत. घोडं कुठे पेंड खातंय ते न बघता कार्ड बदलून पुन्हा तोच झटका खाणारे लोक मी भरपूर पाहिलेत. झटक्यांचे प्रकार असतात. कुठला झटका कधी बसतो हे नीट बघितलं, की काय तुमच्या हातात आहे, काय पॅचने (बनवणाऱ्यांकडून नंतर येणाऱ्या दुरुस्तीने) सुधारेल आणि काय जन्मात सुधारणार नाही, याचा बराचसा अंदाज येतो.

आधी तो कोपऱ्यातला आकडा विसरा. तो सरासरी सांगतो. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम्स प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत निघाल्या आणि एकीला ११५ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर १००० होते, म्हणजे आकडा ६०. पण त्या एका फ्रेमपाशी पडदा चक्क थबकला, आणि डोळ्याला तेवढंच दिसलं. म्हणून एफपीएस नको, फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला किती वेळ लागला त्याचा) आलेख लावा. रिवाट्यूनर नावाचा प्रोग्राम तो खेळता खेळता दाखवतो, कॅपफ्रेमएक्स नंतर निवांत बघायला नोंदवून ठेवतो. ६० एफपीएसला रेषा १६.७ मिलिसेकंदांच्या आसपास सपाट हवी. तुमची करवतीच्या दात्यांसारखी दिसणार, हे मी न बघता सांगते.

मग एक सोपी चाचणी. रेझोल्यूशन एकदम खाली आणा, १०८० वरून ७२० वर. आकडा टणकन वर गेला तर कार्डावर ताण होता. जागचा हललाच नाही, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं. दुप्पट ताकदीचं कार्ड आणलंत तर तेही तसंच वाट बघत बसेल.

आता झटके.

पहिला स्फोट झाला, झटका. नवा शत्रू पहिल्यांदा समोर आला, झटका. त्याच शत्रूशी पुन्हा लढताना मात्र सगळं सुरळीत. हा शेडरचा झटका. शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम; ओल्या दगडाची चमक, धुराचा पोत, सगळं त्यातून येतं. कन्सोलच्या प्रत्येक नगात चिप तीच, त्यामुळे आम्ही शेडर आधीच कंपाइल करून, म्हणजे त्या चिपच्या भाषेत उतरवून, गेमसोबत देतो. पीसीवर कार्डं शेकडो प्रकारची, त्यात ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दर महिन्याला नवा. म्हणून शेडर अर्धकच्चे पाठवावे लागतात, आणि शेवटचं शिजवणं तुमच्या मशीनवर होतं. गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेल्या विंडोजच्या जुन्या डायरेक्टएक्स ११ मध्ये यातलं पुष्कळसं ड्रायव्हर परस्पर निभावून न्यायचा. २०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने ती जबाबदारी गेमवर टाकली: शेडरची कोणकोणती जोडणी लागणार ते आधी सांगा. ज्यांनी ती यादी केली नाही, त्यांच्या गेममध्ये वाढायच्या वेळी चूल पेटते.

उपाय आहे. गेम सुरू होतानाच सगळे शेडर कंपाइल करून घ्यायचे. पण तोही अति झाला की अंगाशी येतो. २८ मार्च २०२३ ला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा मुख्य मेनूवर शेडरचं काम इतकं रेंगाळायचं, की कित्येकांचा रिफंडचा वेळ त्यातच सरला. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वच्या स्टीम डेक या हातातल्या पीसीवर हे दुखणं बरंच कमी आढळतं, आणि त्याचं कारण कन्सोलचंच आहे: सगळ्यांकडे चिप सारखी, त्यामुळे आधी कंपाइल झालेले शेडर डाउनलोडसोबतच येऊ शकतात. तुमच्या हातात इतकंच, की शेडरची पट्टी भरत असताना घाई करून खेळायला सुरुवात करू नका, आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये शेडर कॅशेची (तयार शेडरच्या साठ्याची) मर्यादा वाढवून ठेवा. ‘कॅशे उडवा, गेम पळेल’ असा सल्ला देणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. कॅशे उडवली की सगळा स्वयंपाक पहिल्यापासून.

दुसरा झटका जागेला चिकटलेला असतो. त्याच फाटकातून जाताना, त्याच पुलापाशी, दहाव्यांदा गेलात तरी दहाव्यांदा बसतो. त्या जागी पुढचा भाग डिस्कवरून मेमरीत येतोय. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी कच्चा डेटा वाचते, आणि तो उलगडायला वेगळं हार्डवेअर आहे. प्रोसेसरला त्याची झळ लागत नाही. पीसीवर बहुतेक वेळा हे उलगडणं प्रोसेसरच्याच गळ्यात पडतं, आणि त्याच वेळी गेमचं मुख्य काम त्याच्याकडेच असतं. जलद एसएसडीने थोडा फरक पडतो. बाकी काम इंजिनाच्या पोटातलं असतं. पॅचने सुधारतं, पण पहिल्या पॅचमध्ये सुधारलेलं मी क्वचितच पाहिलंय.

तिसरा प्रकार उशिरा कळतो. अर्धा तास झकास चालतं, मग हळूहळू सगळं जड होत जातं. गेम बंद करून उघडला की पुन्हा अर्धा तास झकास. कार्डाची मेमरी भरते आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची सामाईक, तिचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. तुमच्याकडे दोन वेगळ्या खोल्या आहेत: कार्डावरची ८ जीबी आणि बोर्डावरची १६. मधला रस्ता, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ४.० चा पूर्ण रुंदीचा स्लॉट, एका दिशेला सेकंदाला ३२ जीबीच्या आसपास नेतो. सामाईक मेमरी गृहीत धरून केलेली टेक्स्चर्स (भिंती, कपडे वगैरेंवर चढवलेली चित्रं) ८ जीबीत मावली नाहीत की उरलेली या रस्त्याने ये-जा करायला लागतात. इथे रेझोल्यूशन कमी करून फारसं काही होत नाही, टेक्स्चरची सेटिंग एक पायरी उतरवा. चांगल्या पोर्टमध्ये एक पायरी उतरल्यावर फरक शोधावा लागतो. वाईट पोर्टमध्ये ‘मीडियम’ म्हणजे भिंतीवर शेण सारवल्यासारखं दिसतं, कारण मधल्या पायरीची टेक्स्चर्स कुणी बसून केलेलीच नसतात. ‘लास्ट ऑफ अस’मध्ये नेमकं हेच झालं होतं. ते पुढच्या पॅचेसमध्ये सुधारलं.

आता चौथा प्रकार. हा झटका नाहीच, म्हणून जास्त फसवा. गेम सुरळीत चालतो, पण चुकीचा चालतो.

कन्सोलचा गेम बहुतेकदा ३० किंवा ६० फ्रेम्सना बांधलेला असतो. बनवणाऱ्याला ते ठाऊक असतं, आणि नकळत तो हिशेब ‘दर सेकंदाला’ न करता ‘दर फ्रेमला’ करून बसतो. २०१४ च्या ‘डार्क सोल्स २’ मध्ये पीसीवर ६० फ्रेम्सना शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची, आणि ते दुरुस्त व्हायला २०१५ उजाडलं. ‘नीड फॉर स्पीड: रायव्हल्स’ ३० वर बांधलेला होता, लोकांनी जबरदस्तीने ६० केला तर सगळा गेमच दुप्पट वेगाने धावायला लागला. २०१९ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’ मध्ये फ्रेमरेट जास्त असेल तर चाकूचा मार जास्त बसायचा. या शेवटच्याबद्दल मात्र फारसं कुणी रडलं नाही.

आमच्या हातून झालेलं सांगते. गेमचं नाव सांगता येणार नाही. त्यात दरीवर एक दोरांचा झुलता पूल होता. त्यावर उभं राहून झोका घ्यायचा, पूल पुरेसा हेलकावला की पलीकडच्या कड्यावर उडी मारायची. कन्सोलवर लोकांना आवडलेला प्रसंग. पीसीवर आल्यावर काही जणांची तक्रार आली, की पूल हलतच नाही. आमच्याकडे हलत होता. टेस्टिंगच्या टीमकडेही हलत होता, फक्त एकाने ‘जरा जड वाटतो’ असं लिहून ठेवलं होतं. नऊ दिवस आम्ही दोर, वारा, हिरोचं वजन, सगळं उकरून काढलं. शेवटी एका तक्रारीत ओझरता उल्लेख सापडला: मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम्स दाखवू शकणारा. मग एका मिनिटात लख्ख प्रकाश पडला.

पुलाचा झोका हळूहळू शांत व्हावा म्हणून मूळ कोडमध्ये एक ओळ होती: दर फ्रेमला वेग ०.९८ ने गुणा. सेकंदाला ३० फ्रेम्स असतील तर ०.९८ तीस वेळा गुणलं जातं आणि सेकंदाअखेर सुमारे ५५ टक्के वेग उरतो. छान झुलतो पूल. ६० फ्रेम्सना उरतो ३० टक्के, जरा जड. १४४ फ्रेम्सना उरतो जेमतेम ५ टक्के. म्हणजे त्या बिचाऱ्या माणसाने महागाचा मॉनिटर घेतला आणि आम्ही त्याला दोरांच्या जागी दगडी पूल दिला. गेम तिथेच संपला त्याचा. दुरुस्ती एका ओळीची: ०.९८ चा घात गेलेल्या वेळेच्या प्रमाणात घ्यायचा. पण तसलीच ओळ आणखी कुठे कुठे आहे ते शोधायला दोन माणसं तीन आठवडे बसली. दारं, पाणी, शत्रूच्या नजरेचा वेग, सगळीकडे निघाली.

म्हणून एखाद्या पोर्टवर ३० किंवा ६० चं कुलूप दिसलं की मी लगेच शिव्या घालत नाही. कधी कधी ते कुलूप म्हणजे कुणीतरी प्रामाणिकपणे दिलेली कबुली असते. तुम्हीही कुलूप मॉडने (हौशी लोकांनी गेममध्ये केलेल्या बदलाने) तोडलंत आणि गेममध्ये काहीतरी विचित्र घडायला लागलं, तर आधी कुलूप परत लावून बघा. पहिल्या ‘डार्क सोल्स’मध्ये कुलूप तोडल्यावर शिडीवरून सरकत उतरणारा माणूस जमिनीतून आरपार जायचा.

माउसचं दुखणं वेगळं, आणि यात मात्र मी बनवणाऱ्यांची बाजू घेणार नाही. कंट्रोलरची स्टिक सांगते ‘किती वेगाने वळायचं’. माउस सांगतो ‘किती वळायचं’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ वाचवायला माउसची हालचाल स्टिकच्या हालचालीत बदलून जुन्याच कोडमध्ये ढकलली, की स्टिकचे सगळे लाड माउसच्या वाट्याला येतात. स्टिक मध्यभागी थरथरते म्हणून तिथल्या बारीक हालचाली गिळल्या जातात. वळण्याच्या वेगाला कमाल मर्यादा असते, म्हणून माउस कितीही फटकारला तरी हिरो आपल्याच चालीने वळतो. एक चाचणी करा: टेबलावर वीतभर अंतराच्या दोन खुणा करा. एकीपासून दुसरीपर्यंत माउस सावकाश न्या, कॅमेरा किती वळला ते बघा. मग तेच अंतर झटक्यात कापा. दोन्ही वेळा कॅमेरा सारखाच वळला पाहिजे. नाही वळला, तर सेटिंगमध्ये ‘ॲक्सिलरेशन’ किंवा ‘स्मूदिंग’ शोधून बंद करा. तरी फरक पडत नसेल तर आत स्टिकच बसली आहे. सरळ कंट्रोलर जोडा किंवा मॉडची वाट बघा. माउस उशिरा प्रतिसाद देत असेल तर गेममधलं व्हीसिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद करून ड्रायव्हरमधून लावून बघा. २००८ च्या ‘डेड स्पेस’चा माउस असाच गेममधल्या व्हीसिंकपायी जडावलेला होता. आणि २००७ मध्ये पीसीवर आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ मध्ये तर माउसने नेम धरायची सोयच नव्हती, त्या मानाने आज सुखच आहे म्हणायचं.

मानगुटीवरच्या कॅमेऱ्याचं कारण साधं आहे. कन्सोलचा खेळाडू सोफ्यावर, टीव्हीपासून लांब बसतो, त्याला अरुंद दृश्य चालतं. तुम्ही पडद्यापासून हातभर अंतरावर आहात. तेच दृश्य तुम्हाला नळीतून बघितल्यासारखं वाटतं आणि काहींना मळमळतं. दृश्यकोनाची पट्टी सेटिंगमध्ये नसेल तर कॉन्फिग फाइलमध्ये मिळू शकते. त्रिकोण-चौकोनाची चिन्हं बदलणारे मॉडही बहुतेक गेमना असतात. ही कामं किरकोळ, पण मी पोर्टची परीक्षा यांवरूनच करते. चिन्हं बदलायला जिथे वेळ काढला नाही, तिथे शेडरची यादी कोण करत बसलं असेल?

आता ‘आळस’ या शब्दाबद्दल. तो मला झोंबतो. मूळ टीम कन्सोलवर शेवटचा हात फिरवत असते. पोर्टचं काम बहुधा बाहेरच्या छोट्या टीमकडे जातं. तिला मिळतो तो कोड दर आठवड्याला बदलत असतो, आणि तारीख मात्र एकच ठरलेली असते. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या गेम बाजारात येण्याआधी तपासून घेतात, तिथे गेम नापासही होतो. पीसीच्या दुकानांत त्या तोडीची तपासणी नाही, त्यामुळे कमी वेळात कुठे हात आखडायचा हे आपोआप ठरतं. ‘बॅटमॅन: अर्खम नाइट’ आठवा. बाहेरच्या टीमने केलेला पोर्ट, ३० चं कुलूप, २३ जून २०१५ ला विक्रीला आला आणि एक-दोन दिवसांत प्रकाशकाने स्वतःच विक्री थांबवली. परत आला तो ऑक्टोबरच्या अखेरीस, आणि तरीही रडगाणं संपलं नाही, तेव्हा वर्षअखेरपर्यंत सरसकट रिफंड द्यावा लागला. त्या चार महिन्यांत माणसं आळशीची कामसू झाली नव्हती, त्यांना फक्त वेळ मिळाला होता. बाहेरची टीम म्हणजे वाईट, असंही नाही. निक्सेससारखी पोर्टचंच काम वर्षानुवर्षं करणारी टीम २०२१ मध्ये सोनीने विकतच घेतली.

हौशी लोकांनी हे सगळं निस्तरावं का? ‘डार्क सोल्स’ २०१२ मध्ये पीसीवर आला तेव्हा आतलं चित्र १०२४ बाय ७२० वरच अडकलेलं होतं. ड्युरांटे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रोग्रामरने फुकटात ते मोकळं करून दिलं. त्याचे उपकार आहेतच. पण बाहेरून चित्र मोठं करता येतं, फ्रेमला बांधलेला हिशेब बाहेरून सोडवणं फार अवघड. मॉडकडून किती अपेक्षा ठेवायची ते यावरून ठरवा.

तुमच्यापुरतं बोलायचं तर घड्याळ चालू आहे. स्टीमवर घेतला असेल तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो. शेडरची पट्टी भरतानाचा वेळही त्यात मोजला जातो. म्हणजे तुमच्याकडे सत्तर मिनिटं आहेत. आलेख लावा, आधी रेझोल्यूशनची चाचणी करा. मग जिथे झटका बसला होता तिथे जुन्या सेव्हवरून तीनदा जा. पहिल्यांदाच बसला आणि नंतर नाही, तर ठेवा गेम. शेडरचं दुखणं खेळता खेळता कमी होतं आणि पॅचने सुधारतंही. दर वेळी बसला तर फ्रेमरेट ५० किंवा ४० वर बांधून बघा. प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते, पुष्कळदा तेवढ्याने दाते बोथट होतात. नाही झाले तर रिफंड घ्या आणि सहा महिन्यांनी, चार पॅच खाल्लेला गेम पुन्हा बघा.

आणि रिफंड घेतलात तर कारणाच्या चौकटीत नुसतं ‘गेम बेकार’ लिहू नका. कार्ड कुठलं, ड्रायव्हर कुठला, झटका नेमका कुठे, मॉनिटर किती हर्ट्झचा, एवढं लिहा. स्टीमवरची ती टीप गेम बनवणाऱ्यांना वाचायला मिळते. १४४ हर्ट्झवाल्या त्या माणसाने पूल हलत नाही हे अशाच एका टिपेत लिहिलं होतं. त्याचे पैसे त्याला केव्हाच परत गेले होते.